मोफत घेतलेली केस आणि तारखेला न येणारा पक्षकार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही तालुक्याच्या कोर्टात चार वर्षं प्रॅक्टिस करताय. गावाकडची, ओळखीतली गरीब माणसं केस घेऊन येतात आणि तुम्हालाही ती मनापासून चालवायची असते, म्हणून आतापर्यंत नऊ केसेस एक रुपया न घेता घेतल्या. आता निम्मे पक्षकार तारखेला येत नाहीत. स्टॅम्प, झेरॉक्स, नकला यांचा खर्च तुमच्या खिशातून जातोय. सीनियर म्हणतात, ‘फुकट दिलं की किंमत राहत नाही, पाचशे का होईना घेत जा.’ तेव्हा थोडी फी घ्यावी, विधी सेवेच्या पॅनेलवर, म्हणजे गरिबांना सरकारतर्फे मोफत वकील देणाऱ्या यंत्रणेच्या यादीवर जावं, की हे बंदच करावं?

मी बीड जिल्ह्यात २५ वर्षं वकिली करते. त्यातली बरीच वर्षं पॅनेलवर काम केलंय आणि स्वतःहूनही मोफत केसेस घेतल्यात. तुम्ही प्रश्न फीचा म्हणून मांडलाय. मला त्यात दोन वेगळे प्रश्न दिसतात. माणूस तारखेला का येत नाही, हा पहिला. आणि केस घेतली म्हणजे नक्की काय काय घेतलं, हे तुमच्यात आणि पक्षकारात बोलणं झालंय का, हा दुसरा. पाचशे रुपये घेऊन यातला एकही सुटणार नाही.

फी देणारे पक्षकार तारखा चुकवत नाहीत असं थोडंच आहे? तेही चुकवतात. त्यांना त्याची झळ परवडते, एवढंच. गरीब माणूस येत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा खाडा असतो. एका पक्षकारणीबरोबर मी एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात बसून हिशेब केला. ती सकाळी सातला वस्तीवरून निघायची, वडापने, म्हणजे शेअर जीपने, फाट्यापर्यंत यायची, तिथून एसटीने अकराला कोर्टात. पुकारा व्हायचा तीन-साडेतीनला. त्या दिवशी साहेब रजेवर होते, म्हणून नुसती पुढची तारीख पडली होती. दिवसाची मजुरी गेली, येण्याजाण्याचं भाडं गेलं, सोबत आणलेल्या पोराच्या खाण्याचे पैसे गेले. अशा १९ तारखा तिने बोटांवर मोजून दाखवल्या. त्यातल्या चारच तारखांना तिची खरी गरज होती. बाकीच्या १५ वेळा मी एकटी हजर राहिले असते तरी चाललं असतं. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे मीच सांगितलं नव्हतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून माझ्याकडच्या बायकांचं येणं सोपं झालंय. खाडा मात्र आहे तसाच आहे.

आमच्याकडे याच्या जोडीला ऊसतोडीचा सीझन असतो. दसरा-दिवाळीला कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघतात ते गुढीपाडव्याच्या आसपास किंवा त्याहूनही उशिरा परततात. नवरा-बायको दोघंही सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, मधेच येता येत नाही. आणि इकडे कोर्टाची तारीख डिसेंबरमधली. दिवाणी दाव्यात वकील हजर असला तर बरंचसं निभावतं. फौजदारीत आरोपी गैरहजर राहिला आणि हजेरी माफीचा अर्जही नसला, तर आधी जामीनपात्र आणि मग अजामीनपात्र वॉरंट निघतं. सीझन संपवून माणूस गावी येतो आणि दुसऱ्या दिवशी दारात पोलीस. त्याला वाटतं वकिलाने दगा दिला, वकिलाला वाटतं माणूस बेफिकीर आहे. दोघांचंही चुकीचं.

म्हणून पहिल्या भेटीतच मी विचारते, ऊसतोडीला जाता का, कधी निघता, कोणत्या कारखान्यावर, मुकादमाचा फोन नंबर काय. फाईलच्या आतल्या बाजूला ते लिहून ठेवते. निघण्याआधी हजेरी माफीच्या अर्जासाठी लागणारी माहिती घेते. पक्षकाराची साक्ष शक्यतो पाडव्यानंतर ठेवावी अशी विनंती अर्ज देऊन करते, कारणही त्यात स्पष्ट लिहिते. न्यायाधीश दर वेळी मान्य करतातच असं नाही. पण कारण रेकॉर्डवर असलं तर गैरहजेरीकडे बघण्याची दृष्टी बदलते. शिवाय प्रत्येक पक्षकाराला एक छोटा कागद देते. त्यावर कोर्टाचं नाव, केस नंबर, पुढची तारीख, माझा नंबर आणि लाल पेनने एकच शब्द: ‘यायचं’ किंवा ‘नको’. वाचता न येणाऱ्याला मी सांगते, लाल अक्षरं दोन असली तर घरी राहा, जास्त असली तर या. दिसायला किरकोळ वाटेल, पण माझ्याकडचे तारखा चुकवणारे पक्षकार सगळ्यात जास्त या कागदाने कमी झाले.

आता तुमच्या सीनियरांच्या ‘फुकट’ या शब्दाबद्दल. तो शब्द मला खटकतो. आपण पदरचं काही देतोय आणि समोरच्याने त्याची किंमत ठेवावी, असा सूर त्यात येतो. गरीब माणसाला वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे आणि तो हक्क उभा राहण्यात आपल्या राज्यातल्या एका कैद्याचाही वाटा आहे. १९७६ मध्ये घटनेत मोफत कायदेशीर मदतीचं कलम ३९-क आलं. १९७८ मध्ये हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेवर मिळाली पाहिजे आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर तो सरकारने द्यायला हवा. पुढच्याच वर्षी हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खितपत पडलेले कच्चे कैदी देशासमोर आले. १९८६ च्या सुक दास प्रकरणात तर आरोपीने वकील मागितलाच नव्हता. तरीही, तुला मोफत वकील मिळू शकतो हे त्याला कुणी सांगितलं नाही, म्हणून सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली. म्हणजे मागणं ही गरिबाची जबाबदारी नाही, सांगणं ही व्यवस्थेची आहे. आपण त्या व्यवस्थेतले आहोत.

यातूनच तुमच्या पॅनेलच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. मोफत केस घेण्याआधी बघायचं, की हा माणूस विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये बसतो का. कायदा १९८७ चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, महिला, मूल, अपंग व्यक्ती, कोठडीत असलेली व्यक्ती, औद्योगिक कामगार, दुष्काळ, पूर, भूकंप किंवा जातीय अत्याचार यांची झळ बसलेली व्यक्ती, या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. हे पुन्हा सांगते, कारण बायकांना ‘आधी सेतूतून उत्पन्नाचा दाखला आणा’ म्हणून परत पाठवणारे वकील मी अजून बघते. महिलेला कोणत्याही उत्पन्नाला मोफत वकील मिळतो. जे या यादीत नाहीत त्यांच्यासाठी आपल्या राज्यात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे आणि उत्पन्नाबद्दलचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं. तुमच्या नऊ जणांपैकी किती जण यात बसतात ते आधी काढा. मला वाटतं बहुतेक सगळे बसतील.

आणि बसत असतील, तर तो खर्च तुमच्या खिशातून जायचं कारणच नाही. तालुका विधी सेवा समितीमार्फत केस गेली की कोर्ट फी, समन्सची फी, नकला, अपिलाची कागदपत्रं आणि भाषांतर या गोष्टीही विधी सेवेत येतात. तुम्ही खासगी वकीलपत्र घेऊन हे सगळं स्वतः भरत बसलात तर तुम्ही सरकारचा खर्च वाचवताय आणि पुढच्या वर्षी दमून थांबणार आहात. महिला पक्षकार असेल तर आणखी एक गोष्ट. १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. तुम्ही कुठे स्टॅम्प लावून बसला असाल तर तपासून बघा.

पॅनेलची अडचणही सांगते. मानधन कमी असतं आणि उशिरा मिळतं. प्रत्येक टप्प्याचा अहवाल द्यावा लागतो. कधी अशी केस येते की आधीच्या वकिलाने कैफियतच (दाव्याला द्यायचं लेखी उत्तर) वेळेत दिलेली नसते आणि पहिल्या दिवसापासून तुम्ही माफी मागत उभे असता. पॅनेलसाठी साधारण तीन वर्षांची प्रॅक्टिस लागते, ती तुमची झालीये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. पॅनेलवर असलात तर पक्षकार अर्जात तुमचं नाव सुचवू शकतो, नेमणूक अर्थात समिती करते. मात्र एकदा नेमणूक झाली की पक्षकाराकडून पाचशे काय, पन्नासही घ्यायचे नाहीत. ‘खर्चाला’ म्हणूनही नाहीत. तो गैरवर्तनाचा विषय होतो. खासगी केसमध्ये कमी फी घ्यायला कुणाचीच ना नाही, पण मग तिला फी म्हणा, पावती द्या आणि ‘मोफत’ हा शब्द वापरू नका.

समितीऐवजी स्वतः केस केव्हा घ्यावी, हे परिस्थितीवर आहे. मी तीन प्रसंगी घेते. माणूस कलम १२ मध्ये बसत नाही, पण घरात कॅन्सरचं आजारपण किंवा कर्ज असं काही आहे की फी परवडणारच नाही. उद्याच काहीतरी बुडणार आहे, मुदत संपतेय, कब्जा जातोय, आणि अर्ज होऊन नेमणूक यायला आठवडा लागेल. आणि तिसरा प्रसंग असा, की पक्षकारीण इतकी घाबरलेली आहे की नवीन माणसासमोर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायची तिची तयारी नाही. या तिसऱ्या प्रसंगाला मी सगळ्यात जास्त मान देते. केंद्राच्या न्याय विभागाची ‘न्याय बंधू’ ही योजनाही २०१७ पासून आहे. तिथे मोफत काम करू इच्छिणाऱ्या वकिलाला नाव नोंदवता येतं.

आरोपी कोठडीत असेल तर वेगळा विचार करा. नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, २०२२ च्या योजनेतून जिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालयं, म्हणजे आरोपींचा मोफत बचाव करणारी कार्यालयं, सुरू झाली आहेत. तिथले वकील पूर्णवेळ आहेत, त्यांना खासगी प्रॅक्टिस करता येत नाही. तुमचा जिल्हा त्यात असेल तर ती केस त्यांच्याकडे जाऊ द्या. तुम्ही अर्धा तास द्या, तो जामीन मंजूर होऊनही आत राहिलेल्या माणसाला. जामीनदार मिळत नाही म्हणून माणसं महिनोन्‌महिने आत राहतात. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने याबद्दल निर्देश दिलेत. जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिन्याभरात बंधपत्र दिलं गेलं नाही तर कोर्टाला स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करता येतो. हा निर्देश दाखवून एक छोटा अर्ज दिला की पुष्कळदा काम होतं.

आता मी केलेली एक चूक सांगते, कारण तुमच्या नऊ केसेस बघून तीच आठवली. वकिलीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी माझ्याकडे तिसाहून जास्त मोफत केसेस होत्या. नाही म्हणताच येत नव्हतं. त्यात एका बाईची पोटगीची केस होती. महिना बाराशे रुपयांचा आदेश मिळाला, मी आनंदाने फाईल बांधून कपाटात टाकली. तीन वर्षांनी ती परत आली. हातात तीच निळी प्लास्टिकची पिशवी, आत रेशन कार्ड, लग्नाचा फोटो आणि चार घड्या घातलेली आदेशाची नक्कल. नवऱ्याने एक पैसाही दिला नव्हता. भावाने तिला सांगितलं होतं, वकीलबाईंनी केस जिंकली, आता पैसे येतील. ती पोस्टात चौकशी करत राहिली.

थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज, ती रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्येही हेच होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही हेच आहे. म्हणजे ३६ महिन्यांपैकी १२ महिन्यांचे १४,४०० रुपये मागता आले. आधीच्या २४ महिन्यांचे २८,८०० हातातून गेले. तिने मला बोल लावला नाही. एवढंच विचारलं, ‘बाई, मी आधी यायला पायजे होतं का?’ मी म्हणाले, नाही, मी बोलवायला पाहिजे होतं.

तेव्हापासून माझ्याकडे एका वेळी पाचच मोफत केसेस असतात. एक संपली की दुसरी. सहावा माणूस आला तर त्याला घेऊन मी स्वतः तालुका विधी सेवा समितीच्या टेबलापर्यंत जाते, अर्ज भरून देते, पोच त्याच्या हातात ठेवते. ‘तिकडे जा’ म्हणून सांगत नाही, कारण तसं सांगितलेली माणसं बऱ्याचदा तिथपर्यंत पोचत नाहीत. आणि पोटगीची फाईल आदेशाला बंद होत नाही. दर सहा महिन्यांनी पैसे आले का विचारायचं, नाही आले तर वसुलीचा अर्ज. नवरा पगारदार असेल आणि केस कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली असेल तर कलम २० खाली मालकाकडूनच पगारातून रक्कम वळती करून मागता येते. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असते. ते प्रकरण नागपूर खंडपीठातूनच वर गेलं होतं. ते प्रतिज्ञापत्र नीट भरून घ्या, समोरच्याचं बारकाईने वाचा. वसुलीच्या वेळी तेच उपयोगी पडतं.

लोकअदालतीबद्दलही सावध करते. तिथे कोर्ट फी परत मिळते, प्रकरण एका दिवसात मिटतं, सगळं खरं. पण तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. फारच मर्यादित कारणांवर रिट करता येते. गर्दीच्या दिवशी दहा मिनिटांत गरीब बाईची सही घेतली जाते आणि आयुष्याचा हक्क एकरकमी चाळीस हजारांत संपतो. माझी पक्षकारीण असेल तर तडजोडीचा मसुदा मी आदल्या दिवशी तिला तिच्या भाषेत वाचून दाखवते आणि तिच्याकडून परत वदवून घेते. तिला सांगता आलं नाही तर सही नाही.

‘बंद करावं का’ या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला बार कौन्सिलच्या नियमांतच उत्तर आहे. नियम ४६ म्हणतो की गरिबाला मोफत साहाय्य देणं हे वकिलाचं समाजाप्रती सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे, पण ते वकिलाच्या आर्थिक मर्यादेत. ही मर्यादा नियमानेच मान्य केली आहे, तेव्हा नऊच्या चार केल्या म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. त्याच नियमावलीतल्या दोन गोष्टी मात्र पाळा. ‘मोफत केस चालवून मिळेल’ असा फलक किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश टाकू नका, ती जाहिरात ठरते. आणि कुणी आधीच्या वकिलावर चिडून आलं तर त्यांची ना हरकत घेतल्याशिवाय किंवा कोर्टाकडे कारण मांडल्याशिवाय वकीलपत्र दाखल करू नका.

तर या आठवड्यात असं करा. नऊ फाईली टेबलावर काढा. प्रत्येकीवर लिहा: कलम १२ मध्ये बसतो की नाही, पुढच्या कोणत्या तारखेला पक्षकार खरंच लागणार, आणि कोणती मुदत संपत आलीये. पोटगीच्या असतील त्या आधी बघा. जिथे समितीमार्फत नेमणूक होऊ शकते तिथे पक्षकाराला सोबत नेऊन अर्ज द्या. नवीन वकील हजर होईपर्यंत तुमचं वकीलपत्र काढून घेऊ नका, मधल्या एका तारखेलाही दावा निकाली निघू शकतो. उरतील त्या तुमच्या, शेवटपर्यंत.

आणि ज्या पक्षकाराचा फोन महिनाभर लागत नाहीये असं तुम्ही लिहिलंय, त्याला बेफिकीर ठरवण्याआधी त्याच्या वस्तीवरच्या किराणा दुकानात चौकशी करा. कुणाच्या टोळीत गेलाय, कोणत्या कारखान्यावर, हे तिथे नक्की माहीत असतं. मुकादमाचा नंबर घ्या, संध्याकाळी आठनंतर लावा. फडातून कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, परतल्यावरच माणूस फोनवर येतो.